प्रबंधाची भाषा

आमच्या घरी गेले वर्षभर एक प्रबंध नांदत होता. घरात तान्हे मूल असले म्हणजे सारी मंडळी ज्याप्रमाणे त्याच्या निजण्या-उठण्याच्या वेळा सांभाळून वागतात, त्याप्रमाणे आम्ही सारे या प्रबंधाच्या वेळा सांभाळून वागत होतो. थोरल्या सूनबाईंनी सकाळच्या स्वयंपाकाचा भार आपणाकडे घेतला, नातवंडांनी आपला दंगा माजघरातून गच्चीवर नेला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी तर ‘प्रबंध पार पडला की सत्यनारायण’ असा संकल्पच सोडून ठेवला. हा प्रबंध आमच्या धाकट्या सूनबाईंचा. विषय मावळ तालुक्यातील जात्यावरच्या ओव्यांचा. तो बांधणीस धाडण्यापूर्वी एके संध्याकाळी पानांचा गठ्ठा आमच्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, “नाना, विद्यापीठात जाण्याआधी हे एकदा तुमच्या नजरेखालून जावे, अशी इच्छा आहे.”

आम्हास प्रथम संकोच वाटला. आमची मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. शिक्षकाच्या पेशास लागणारी पदविका तेवढी घेतली, आणि सकाळ-संध्याकाळ शास्त्रीबुवांपाशी बसून लघुकौमुदी घोकली, एवढीच आमची विद्येची शिदोरी. अशा मनुष्याने पीएच.डी.चा प्रबंध तपासावा काय? परंतु सूनबाईंनी आमच्याकडे मागितले होते ते विषयाचे ज्ञान नव्हे, भाषेची पाहणी. ती करण्याचा अधिकार पस्तीस वर्षे वह्या तपासून आम्हास आला आहे, असे आम्ही मनाशी ठरवले, आणि तांबड्या शाईची लेखणी हाती घेतली. पुढे जे घडले त्यात आम्ही जेवढे शिकवले त्याहून अधिक शिकलो. आज अनेक घरांतील मुलेमुली प्रकल्प, प्रबंध व शोधनिबंध लिहीत असल्यामुळे तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल, असे वाटून येथे सांगत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. व्याकरण कशासाठी, हा प्रश्न नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी याच प्रश्नाचा विचार करून व्याकरणाची पाच प्रयोजने सांगितली आहेत, आणि त्यांतील एक आहे असंदेह. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात अर्थाविषयी शंका राहू नये. त्यांचे उदाहरण ‘स्थूलपृषती’ या शब्दाचे आहे. यज्ञासाठी आणावयाची गाय स्वतः स्थूल व ठिपकेदार असावी, की तिच्या अंगावरचे ठिपके मोठे असावेत? समास कोणता हे कळल्यावाचून गाय कोणती हे कळत नाही. शुद्धलेखनाविषयी बोलताना आपण प्रतिष्ठा, संस्कार, भाषेचा अभिमान अशा पुष्कळ गोष्टी बोलतो. पण विद्यापीठातील लेखनापुरते पाहिले तर हे एक प्रयोजन पुरेसे आहे, असे आमचे मत झाले आहे. संशोधकाने जे पाहिले तेच वाचकास दिसावे. कमी नाही, अधिक नाही, आणि भलतेही नाही.

सूनबाईंच्या प्रबंधातील एक वाक्य पाहा. ‘निवडलेल्या गावात वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या.’ वाचताना कोठे अडखळत नाही. वस्तुतः त्या चार गावे हिंडल्या होत्या. मजकुरात मात्र एकच गाव उरले होते. ‘गावात’ म्हणजे एका गावामध्ये, ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांमध्ये. एका बिंदूच्या अभावी तीन गावे, तेथील सारी माणसे आणि सूनबाईंची दीड वर्षाची पायपीट नाहीशी झाली! पुढे ‘स्त्रियात ही समजूत आढळते’, ‘ओव्यात हा उल्लेख येतो’ अशीच वाक्ये ओळीने आली. यास नुसती लेखनातील चूक म्हणता येणार नाही. ही माहितीतील चूक आहे. संगणकातील शब्द तपासणाऱ्या यंत्रणेस ती सापडणे कठीण, कारण ‘गावात’ आणि ‘गावांत’ हे दोन्ही शब्द आपापल्या जागी निर्दोष आहेत. कोणता हवा, हे लिहिणाऱ्यासच ठाऊक.

या अनुस्वाराचा इतिहास थोडक्यात सांगणे इष्ट होईल. आमच्या वडिलांची जुनी पत्रे काढून पाहिली, तर त्यांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘करणें’ असे जागोजाग बिंदू दिसतात. त्यांतील पुष्कळ उच्चारात उरले नव्हते. केवळ व्युत्पत्तीच्या आधारे ते दिले जात. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले, १९११ साली मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले, आणि दरम्यान व पुढेही या बिंदूंवरून मोठे वाद होत राहिले. अखेर मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली, आणि आज आपण ज्यांस शुद्धलेखनाचे नियम म्हणतो ते हे अठरा होत. या नियमांनी न उच्चारले जाणारे बिंदू काढून टाकले; परंतु अनेकवचनाचा बिंदू राखला, कारण तो अर्थाचे काम करतो. नियम करणाऱ्यांनी हा विवेक केला होता. आज आपण मात्र ‘अनुस्वार गेले’ एवढेच ऐकून कामाचे बिंदूही पुसून टाकतो.

आता ऱ्हस्व-दीर्घाकडे वळू. विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक भीती यांचीच वाटते, आणि तिचे कारण आम्हा शिक्षकांकडे आहे. आम्ही शब्द पाठ करावयास लावले, कारण सांगितले नाही. वास्तविक प्रबंधात वारंवार येणाऱ्या शब्दांमागील कारणे एका संध्याकाळी सांगून होण्यासारखी आहेत.

‘महत्त्व’ या शब्दात दोन त का, आणि ‘व्यक्तित्व’ या शब्दात एकच का? महत् या शब्दास त्व हा प्रत्यय लागला. एक त मूळ शब्दाचा, दुसरा प्रत्ययाचा. तत्त्व आणि सत्त्व यांचीही तीच कथा. उलट व्यक्ति, नेतृ, कर्तृ, अस्ति यांच्या अंती त् नाही. म्हणून व्यक्तित्व, नेतृत्व, कर्तृत्व, अस्तित्व यांत प्रत्ययाचाच काय तो त. हे एकदा समजले की जन्मभर विसरत नाही.

‘परंपरा’ या शब्दापासून होणारे विशेषण ‘पारंपरिक’. पुष्कळ प्रबंधांत त्याचे ‘पारंपारिक’ झालेले आढळते. इक प्रत्यय लागला म्हणजे शब्दातील पहिल्या स्वराची वृद्धी होते: इतिहास–ऐतिहासिक, उद्योग–औद्योगिक, समाज–सामाजिक. वाढतो तो पहिला स्वर. मधल्या ‘प’ने कोणता अपराध केला म्हणून त्यास काना द्यावा? आणि या इक प्रत्ययातील इ नेहमी ऱ्हस्व, तर राष्ट्रीय, भारतीय, शासकीय यांतील ईय प्रत्ययाची ई नेहमी दीर्घ. तसेच वर्गीकरण, स्पष्टीकरण, एकीकरण या शब्दांतील ई दीर्घच. जे मुळात तसे नव्हते ते तसे करणे, या अर्थाने संस्कृतात ती येते. 

निरीक्षण, परीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा या सर्वांच्या पोटात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू बसला आहे, म्हणून तेथे दीर्घ. परिश्रम, परिणाम, प्रतिज्ञा यांत पाहण्याचा संबंध नाही, म्हणून तेथील ‘परि’ व ‘प्रति’ हे उपसर्ग मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहिले. 

आणखी एक नियम. पद्धती, दृष्टी, संस्कृती हे शब्द मराठीत एकटे आले म्हणजे अंती दीर्घ लिहावयाचे. पण समासात पुढे दुसरा शब्द आला की ते आपल्या संस्कृतातील मूळ रूपावर जातात: पद्धतिशास्त्र, दृष्टिकोन, संस्कृतिसंवर्धन. विद्यार्थी एकटा दीर्घ, पण विद्यार्थिगृह, विद्यार्थिसंख्या यांत ऱ्हस्व. नदी मात्र संस्कृतातच दीर्घ असल्यामुळे नदीकिनारी तशीच राहते. उलट अस्सल मराठी शब्दांची चाल निराळी. मूल–मुलाला, फूल–फुलाला, बहीण–बहिणीला, अशी उपान्त्य दीर्घ अक्षरे सामान्यरूपात ऱ्हस्व होतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, जसे शरीर–शरीराला, गीत–गीताला.

या बाबी क्षुल्लक वाटतात खऱ्या. पण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब बापडा, हे न जाणल्यामुळे ‘महिला दीन’ असे फलक आपण पाहतो आणि हसावे की रडावे हे कळत नाही. 

तथापि शब्दांपेक्षा वाक्याची रचना अधिक महत्त्वाची. सूनबाईंच्या प्रबंधातील पुढील वाक्य आम्ही रात्री जेवणानंतर माजघरात मोठ्याने वाचून दाखवले: ‘पहाटे जात्यावर दळताना संशोधिकेने वृद्ध स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या.’ धाकटा नातू तत्काळ म्हणाला, “म्हणजे काकू दळत होती?” सारे घर हसले, आणि सर्वांच्या आधी सूनबाई हसल्या. दळणाऱ्या त्या वृद्धा, ध्वनिमुद्रण करणाऱ्या या. वाक्यात मात्र दोन्ही कामे एकीच्याच गळ्यात पडली. ‘दळताना’ हे रूप आले की वाचक त्याचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्यातच शोधतो. ‘पहाटे वृद्ध स्त्रिया जात्यावर दळत असत, तेव्हा संशोधिकेने त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या’, असे सरळ लिहिले की संदेह उरत नाही.

दुसरा दोष कर्ता लपवण्याचा. ‘संशोधिकेद्वारे निरीक्षण केले गेले’, ‘असे निदर्शनास येण्यात आले’, अशी वाक्ये लिहिली म्हणजे लेखन शास्त्रीय होते, असा समज विद्यापीठांत कसा रुजला कोण जाणे. मराठीत कर्मणी प्रयोग पूर्वीपासून आहे, आणि तो सुंदर आहे: ‘संशोधिकेने निरीक्षण केले.’ त्यास ‘द्वारे’ आणि ‘गेले’ यांच्या कुबड्या नकोत. तीच गत शब्द तोडून लिहिण्याची. ‘संशोधना साठी’, ‘त्या प्रमाणे’, ‘स्त्रियां विषयी’ अशी मोडतोड हल्ली फार दिसते. शब्दयोगी अव्यय शब्दास जोडूनच लिहावयाचे. ‘योगी’ याचा अर्थच जोडलेला. शिवाय जुन्या पद्धतीच्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या स्थलांतर करतात. म्हणून असा मजकूर नेल्यावर तो पुन्हा अक्षरशः वाचावयास हवा. यंत्राने नेले म्हणजे सुखरूप नेले, असे समजू नये.

याप्रमाणे तीन आठवडे खपून आम्ही गठ्ठा सूनबाईंस परत केला. पाने तांबडी झाली होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या तांबडेपणाचा आम्हास थोडा अभिमानही वाटत होता. दोन दिवसांनी त्या आमच्या खोलीत आल्या. चौथे प्रकरण उघडून, थोड्या अवघडून, म्हणाल्या, “नाना, रागावणार नसाल तर एक बोलू? बाकीच्या साऱ्या दुरुस्त्या मला मान्य आहेत. पण ही वाक्ये माझी नाहीत.”

आम्ही चष्मा लावून पाहिले. एका वृद्धेची मुलाखत तिच्याच शब्दांत दिली होती. तिच्या ‘व्हतं’चे आम्ही ‘होते’ केले होते, ‘न्हाई’चे ‘नाही’, ‘माज्या’चे ‘माझ्या’. दोन पानांत एकही शब्द आम्ही जागेवर राहू दिला नव्हता. सूनबाई म्हणाल्या, “त्या आजी आता हयात नाहीत. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात आहे आणि या दोन पानांत आहे. तो मी तुमच्या-माझ्यासारखा केला, तर मग मी चार गावे कशाला हिंडले?”

आम्ही निरुत्तर झालो. असंदेहाचा उपदेश करणाऱ्या आम्हीच वाचकाची फसवणूक केली होती. जी बाई ‘व्हतं’ म्हणाली तिच्या तोंडी ‘होते’ घातले होते. साक्षीदाराच्या जबानीत खाडाखोड करणाऱ्या कारकुनात आणि आमच्यात फरक तो काय उरला? पतंजलींनीच म्हटले आहे की, ज्यास घट हवा तो कुंभाराच्या घरी जाऊन घट घडवून मागतो; पण ज्यास शब्द वापरावयाचे असतात तो काही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. शब्द लोकांचे. वैयाकरणाने त्यांची व्यवस्था पाहावी, मालकी सांगू नये. हे आम्ही तरुणपणी शिकलो होतो, आणि तांबडी शाई हाती येताच विसरलो होतो.

अधिक विचार करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या मातोश्री कोकणातल्या. ‘त्याने आंबा आणलान’, ‘काम केलंन’ असे त्या शेवटपर्यंत बोलत. त्या बोलण्यास आम्ही कधी अशुद्ध म्हटले नाही, आईचे बोलणे म्हटले. नियमाच्या मोजपट्टीवर ‘आणलान’ आणि ‘व्हतं’ यांत काही अंतर नाही. एक आपल्या घरातले आणि दुसरे परक्या ओटीवरचे, एवढेच. शिकलेल्या घरांतून ‘आमची भाषा शुद्ध’ असे जे सहज बोलले जाते, ते तपासून पाहावयास हवे. महाभाष्यातच अशा ऋषींची कथा आहे, जे रोजच्या बोलण्यात शब्दांचे उच्चार बिघडवून बोलत, परंतु यज्ञकर्मात नेमके बोलत. आणि त्यांचे ज्ञान काही त्या बोलण्यामुळे उणे झाले नाही. घरच्या ओसरीवरील बोलणे एक, सर्वांसाठी करावयाचे लेखन दुसरे. दुसऱ्यास नियम लागतात, कारण ते कोकणातल्यास, मावळातल्यास, वऱ्हाडातल्यास आणि गोव्यातल्यासही सारखेच कळले पाहिजे. म्हणून आता आम्ही ‘शुद्धलेखन’ या शब्दापेक्षा ‘प्रमाणलेखन’ हा शब्द पसंत करतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी मान्य केलेले माप. माप पाळावयाचे असते. त्यावरून माणसाचा सोवळे-ओवळेपणा ठरवावयाचा नसतो.

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. आम्ही ज्या खेड्यात शिक्षक होतो, तेथे सातवीच्या वर्गात तो होता. ‘आमचा बैल’ या विषयावर त्याने निबंध लिहिला. बैल त्या वर्षी गेला होता. निबंधात सारे घर रडत होते, आणि आम्ही मात्र वेलांट्या मोजत होतो. चाळीसएक तांबड्या खुणा करून वही परत दिली. पुढील निबंधापासून त्या मुलाच्या चुका बंद झाल्या. आम्हास समाधान वाटले. काही महिन्यांनी कळले की, तो बाजारात मिळणाऱ्या निबंधमालेतून निबंध उतरवून आणीत होता. त्याने चूक सोडली नव्हती. स्वतःचे वाक्य सोडले होते. आमच्या तांबड्या शाईने त्यास एवढेच शिकवले की, शुद्ध असते ते दुसऱ्याचे.

विद्यापीठांत आज परक्या प्रबंधांतील पाने उचलून आपल्या प्रबंधात घालण्याविषयी फार बोलले जाते. ती चोरीच, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु तिच्यामागे आळसाखेरीज भीतीही असते, हे आम्ही त्या मुलामुळे सांगू शकतो. ज्यास आपले वाक्य हास्यास्पद ठरेल अशी धास्ती वाटते, तो दुसऱ्याच्या तयार वाक्याच्या आश्रयास जातो. म्हणून भाषा सुधारावयाची तर आधी धास्ती घालवली पाहिजे, आणि धास्ती घालवण्याचा उपाय नियम सोडून देणे हा नव्हे. नियमाचे कारण सांगणे आणि कामाची पद्धत लावून देणे हा होय.

ती पद्धत आम्ही आणि सूनबाई यांनी मिळून ठरवली. तिचा लाभ त्यांस झाला, म्हणून येथे देतो.

पहिले वाचन केवळ अर्थाचे. त्या वेळी ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहावयाचेच नाही. प्रत्येक वाक्यास विचारावे: कोणी केले, काय केले, कोठे केले? मोठ्याने वाचावे, आणि शक्य तर विषयाचा गंध नसलेल्या कोणास ऐकवावे. आमच्या नातवाइतका चांगला परीक्षक विद्यापीठासही मिळणार नाही. जेथे श्वास पुरत नाही तेथे वाक्याचे दोन तुकडे करावेत.

दुसरे वाचन वचनाचे. ‘त’, ‘चा’, ‘ने’, ‘नी’, ‘ला’ अशा प्रत्ययांपूर्वी थांबून पाहावे: येथे एक की अनेक? अनेक असतील तर बिंदू आहे काय?

तिसरे वाचन शब्दांचे. यासाठी एक लहान वही करावी. सूनबाईंच्या गठ्ठ्यातील तांबड्या खुणा शेकड्यांनी होत्या, पण त्या नीट निवडून पाहिल्या तेव्हा बहुतेक वीस-पंचवीस शब्दांभोवतीच घोटाळत होत्या. मनुष्य नित्य नव्या चुका करीत नाही. त्याच त्या करतो. ते वीस-पंचवीस शब्द कारणांसह वहीत उतरवले की निम्मे काम झाले. जवळ मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण किंवा अरुण फडके यांचा लेखनकोश असावा, आणि शंका आली की आळस न करता तो उघडावा.

चौथे वाचन उद्धृत मजकुराचे, आणि हे सूनबाईंनी आम्हास शिकवले. दुसऱ्याचे शब्द मुळाशी ताडून पाहावेत. जुन्या ग्रंथातील ‘नाहीं’ असेल तर ‘नाहीं’च ठेवावे, आजीचे ‘व्हतं’ असेल तर ‘व्हतं’च. आपले वाक्य नियमाचे, त्यांचे वाक्य त्यांचे.

आणि ही चारही वाचने बांधणीच्या आदल्या रात्री नव्हेत. निदान पंधरा दिवस हाती ठेवून करावीत. डोळ्यास स्वतःचे लेखन नवे वाटावे, इतका अवकाश मध्ये गेला पाहिजे.

वडीलधाऱ्यांस आणि मार्गदर्शकांस एक विनंती. चूक दिसली तर शब्द खोडू नका; समासात प्रश्न लिहा. ‘येथे गाव एक की अनेक?’ असा प्रश्न वाचून लिहिणारा स्वतः उत्तर शोधतो, आणि ते त्याचे होते. खोडलेला शब्द पाहून तो केवळ खालमानेने नक्कल करतो.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? प्रबंध वाचतो कोण? पूर्वी ही शंका काहीशी खरी होती. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसत. आज ते इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जातात, आणि जगाच्या पाठीवर कोठेही बसून मनुष्य ते उघडू शकतो. सूनबाईंच्या प्रबंधात गाव एक राहिले असते, तर पुढील संशोधकाने एकच गाव धरून त्यावर आपले अनुमान उभारले असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. परंतु भाषेचे मोठेपण निर्णयाने सिद्ध होत नाही. त्या भाषेत लिहिलेल्या ज्ञानावर परक्या मनुष्यास निर्धास्तपणे विसंबता येते की नाही, यावरून होते.

सूनबाईंचा प्रबंध गेल्या महिन्यात विद्यापीठात दाखल झाला. बांधलेली एक प्रत त्यांनी देवापुढे ठेवली, आणि मग आमच्या हाती दिली. आम्ही प्रथम चौथे प्रकरण उघडले. आजीचे ‘व्हतं’ जागच्या जागी होते. वरच्या ओळीत ‘चार गावांत’ हे शब्द बिंदूसह होते. सत्यनारायणाच्या दिवशी मावळातून त्या आजींची लेक आली होती. सूनबाईंनी तिला ती दोन पाने वाचून दाखवली. ऐकता ऐकता तिने पदर डोळ्यांस लावला आणि म्हणाली, “आई अशीच बोलायची.”

याहून मोठा अभिप्राय कोणता परीक्षक देणार? तांबड्या शाईची लेखणी आम्ही टाकून दिलेली नाही. पण ती उचलण्यापूर्वी आता वाक्य कोणाचे आहे, हे विचारून घेतो. असो. लेखनसीमा.